ड्रॅगनची भाषा, 'च'ची भाषा आणि आजीची भाषा



आपल्या मुलांच्या वह्या आपण तपासतो, पण वहीचं शेवटचं पान बहुतेक वेळा न बघता मिटतो. ते एकदा नीट बघा. फुली-गोळा, क्रिकेटचे धावफलक, आवडत्या हिरोचं नाव, आणि अलीकडे आणखी एक गोष्ट दिसते. तिरक्या रेघा, मध्येच एखादा ठिपका, जणू मांजराने पानावर नखं मारली आहेत. आमच्या दहिसरच्या वर्गात चौथीतल्या दोघातिघांच्या वह्यांत हे सापडलं. विचारलं तर उत्तर आलं, "टीचर, ही ड्रॅगनची भाषा आहे. यूट्यूबवर बघितली."

एका आईने काळजीने विचारलं, "मराठी वाचायला बसवलं की कंटाळा येतो म्हणतो, आणि हे असलं कसं पाठ होतं?" प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याचंच उत्तर शोधू या. ही भाषा नेमकी काय आहे, तिच्यात भाषा म्हणावं असं किती आहे, आणि व्याकरणाच्या तासाला तिचा उपयोग कसा होतो, हे क्रमाने पाहू.

ही भाषा आली कुठून?

'द एल्डर स्क्रोल्स फाइव्ह : स्कायरिम' हा व्हिडिओ गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आला. बेथेस्डा नावाच्या अमेरिकन कंपनीचा हा गेम. बर्फाळ डोंगरांचा एक काल्पनिक प्रदेश आहे, तिथे फार वर्षांनी ड्रॅगन परत येतात, अशी गोष्ट. या ड्रॅगनांना स्वतःची भाषा हवी म्हणून गेमच्या लेखक-रचनाकारांपैकी एमिल पॅग्लियारुलो यांनी ती तयार केली, आणि चित्रकार अ‍ॅडम अ‍ॅडमोविच यांनी तिची लिपी काढली.

पालकांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. अमेरिकेतल्या मानांकनाप्रमाणे हा गेम १७ वर्षांवरच्यांसाठी आहे. त्यात मारामारी, रक्तपात आहे. चौथीच्या मुलाने तो खेळू नये, आणि या लेखासाठी तो खेळायची गरजही नाही. आपल्याला फक्त त्यातली भाषा हवी आहे.

गोष्टीत या भाषेला मोठा मान आहे. तिथे शब्द हेच शस्त्र. तीन शब्द एकापाठोपाठ एक मोठ्याने उच्चारले की एक 'गर्जना' तयार होते. सर्वांत प्रसिद्ध गर्जना 'फुस रो दाह'. अर्थ शक्ती, तोल, धक्का. खेळणारा हे शब्द डोंगरातल्या जुन्या शिलालेखांवरून एकेक करून शिकतो. दोन ड्रॅगन एकमेकांवर आग ओकतात तेव्हा ती खरं तर त्यांची वादविवाद स्पर्धा चाललेली असते, असंही गेममध्ये सांगितलं आहे! वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीला लागलेल्या मुलांना ही कल्पना फार आवडते.

ड्रॅगनला त्यांच्या भाषेत 'दोवाह' म्हणतात. 'दोवाहकीन' म्हणजे ड्रॅगनच्या अंशाने जन्मलेला. ड्रॅगनांची नावंही तीन शब्द जोडून होतात. 'ओदाहविंग' म्हणजे हिम, शिकारी, पंख. आपला सामासिक शब्द शिकवताना हे उदाहरण चपखल बसतं. नीलकंठ, लंबोदर, गजानन ही आपली नावंही फोडून दाखवता येतात, आणि मग मुलं स्वतःच्या नावाची फोड करायला बसतात.

नखांची लिपी

ड्रॅगनच्या हातात पेन नाही. तो नखांनी दगड खरवडणार. म्हणून या लिपीत फक्त ओरखडे आणि ठिपके आहेत, गोलाई नाही. कल्पना नुसती गंमत म्हणून सुचलेली नाही. खऱ्या लिप्याही अशाच घडतात. प्राचीन मेसोपोटेमियात ओल्या मातीवर बोरूचं टोक दाबून लिहीत, म्हणून तिथली अक्षरं खिळ्यांसारखी दिसतात. आपली मोडी बघा. कारकुनाला भराभर लिहायचं असे, लेखणी शक्यतो उचलायची नाही, म्हणून अक्षरं वळणदार आणि एकमेकांत गुंतलेली. साधन बदललं की लिपीचं वळण बदलतं.

ड्रॅगन लिपीत एकूण ३४ चिन्हं आहेत. रोमन लिपीतल्या २६ पैकी 'सी' हे अक्षर त्यात नाही, कारण त्याचं काम 'के' आणि 'एस' करतात. राहिली २५. उरलेली ९ चिन्हं जोडआवाजांची आहेत. त्यांतली काही पाहिली की मराठी शिक्षकाला हसू येतं. दीर्घ 'आ', दीर्घ 'ई', दीर्घ 'ऊ' यांना एकेक स्वतंत्र चिन्ह! रोमन लिपीत ज्यासाठी दोन अक्षरं लागतात, ते ड्रॅगनसाठी एका चिन्हात बसवलं आहे. आपल्या मुळाक्षरांत हे पहिल्या ओळीतच असतं. "ड्रॅगनला जे वेगळं बनवून घ्यावं लागलं, ते तुम्हाला बालवाडीतच मिळालं," असं सांगितलं की ऱ्हस्व-दीर्घाचा तास जरा हलका होतो.

भाषा बदलली की नुसतं कपडे बदलले?

आता मुख्य मुद्दा. मुलं म्हणतात 'ड्रॅगनची भाषा', पण वहीत लिहितात काय? स्वतःचं नाव. म्हणजे बदलली ती फक्त लिपी. लिपी आणि भाषा यांत आपण मोठी माणसंही गोंधळ करतो. मराठी आणि हिंदी एकाच देवनागरीत लिहितात, पण भाषा दोन. उलट, पेशव्यांच्या दफ्तरातली मोडी आणि आजचं देवनागरी पुस्तक, लिप्या दोन पण भाषा मराठीच. व्हॉट्सअ‍ॅपवर रोमन अक्षरांत टाइप केलेलं 'कसा आहेस' हेही मराठीच.

म्हणून वर्गात मी फळ्यावर तीन पायऱ्या काढते. पहिली लिपी, दुसरी शब्द, तिसरी व्याकरण. कोणतीही गुप्त किंवा बनवलेली भाषा समोर आली की विचारायचं, यातली कोणती पायरी बदलली?

महाराष्ट्रात याची अस्सल उदाहरणं आहेत. त्यासाठी परदेशी गेमपर्यंत जायला नको.

पहिली पायरी, लिपी. महानुभाव पंथाने आपले मराठी ग्रंथ जपण्यासाठी सांकेतिक लिप्या वापरल्या. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध 'सकळ लिपी'. चौदाव्या शतकात रवळो व्यास यांनी ती तयार केली असं परंपरा मानते. एका अक्षराच्या जागी दुसरं चिन्ह, अशी तिची रचना. आत भाषा तुमची-आमची मराठीच, पण किल्ली नसेल तर एक ओळही वाचता येणार नाही. त्यामुळे मराठीतले अगदी सुरुवातीचे गद्य ग्रंथ कित्येक शतकं बाहेरच्या वाचकांपासून दूर राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कोडं सोडवलं, आणि हे दालन सगळ्यांना खुलं झालं.

दुसरी पायरी, शब्द. जुन्या बाजारपेठेत सराफ, दलाल आणि व्यापारी 'नंदभाषा' वापरत. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायचा, पण त्याला आकडा कळू द्यायचा नाही, म्हणून संख्यांना वेगळे शब्द. तीन म्हणजे उधानू, पाच म्हणजे मुळू, दहा म्हणजे अंगुळू. बाकीचं वाक्य साधं मराठी. एका जुन्या मराठी रचनेत शंकराचं वर्णनही या आकड्यांनी केलेलं आहे. पाच तोंडं, तीन डोळे, दहा हात, सगळं नंदभाषेत! म्हणजे गुप्त शब्दांची गंमत बाजारातून थेट कवितेपर्यंत गेली होती.

आणि आपल्या सगळ्यांची लाडकी 'च'ची भाषा. शब्दातलं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि सुरुवातीला 'च' लावायचा. 'मी शाळेत जातो' याचं होतं 'चमी चळेतशा चतोजा'. दहिसर होतं 'चहिसरद'. आजही मधल्या सुट्टीत ही भाषा ऐकू येते, कुणी पुस्तकातून शिकवलेली नसताना. तिच्यात एक बारकावा आहे. 'प्रकाश'चं मूल 'चकाशप्र' करतं. म्हणजे 'प्र' हे जोडाक्षर एकसंध उचललं जातं, 'प' आणि 'र' वेगळे होत नाहीत. जोडाक्षर लिहिताना अडखळणारं मूल बोलताना ते अचूक ओळखतं. लेखनातली चूक कुठे होतेय हे तपासायला शिक्षकाला याहून सोपी चाचणी नाही.

पण 'च'च्या भाषेत व्याकरण? पूर्ण मराठी. शब्दांचा क्रम तोच, प्रत्यय तेच. मडकं रंगवलं, पाणी तेच.

तिसऱ्या पायरीवर ड्रॅगन अडखळतो

ड्रॅगनच्या भाषेने पहिल्या दोन पायऱ्या बदलल्या. लिपी नवी, शब्द नवे. तिसरीवर मात्र ती बरीचशी इंग्रजीच्या वळणावर जाते. वाक्यात कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. त्यातून व्याकरण पुष्कळ कमी केलेलं. क्रियापदाला काळ नाही. 'जातो', 'गेला', 'जाईल' यांना एकच रूप, अर्थ संदर्भावरून घ्यायचा. वर्गात हे सांगितलं तेव्हा एक मुलगी पटकन म्हणाली, "टीचर, ड्रॅगन मरतच नाहीत ना, मग त्यांना काल काय आणि उद्या काय!" गोष्टीत ड्रॅगन खरोखरच अमर आहेत. काळ हा व्याकरणाचा घटक का असतो, यावर याहून चांगलं भाष्य मला सुचलं नसतं.

अनेकवचनाचा नियम साधारण एकच. शेवटचा आवाज दुप्पट करा आणि 'ए' जोडा. दोवाहचं दोवाहहे. आता मराठीकडे या. आंबा-आंबे, नदी-नद्या, घर-घरं, भिंत-भिंती, वाट-वाटा, आणि शाळा-शाळा. आपली सहा वर्षांची मुलं हे न चुकता बोलतात.

आणखी एक गंमत. ही तीन वाक्यं मुलांना द्या. राजूने आंबा खाल्ला. राजूने पोळी खाल्ली. राजूने केळं खाल्लं. राजू एकच, पण 'खाल्ला', 'खाल्ली', 'खाल्लं' बदलतंय. कोणामुळे? मुलं शोधून काढतात की खाल्लेल्या वस्तूमुळे. कर्मणी प्रयोगाची व्याख्या न सांगता कर्मणी प्रयोग समजला! आणि 'आपण जाऊ' व 'आम्ही जाऊ' यांतला फरक विचारा. पहिल्यात ऐकणारा सोबत आहे, दुसऱ्यात तो घरी राहिला. इंग्रजीला यासाठी वेगळा शब्द नाही. मराठी मूल मात्र 'आम्ही आइस्क्रीम खाणार' ऐकलं की लगेच रुसतं, कारण त्याला कळतं की आपल्याला वगळलंय.

त्या आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. ड्रॅगनची भाषा मुलाला लवकर येते, कारण ती छोटी आहे. पाठ करायचं आहे ते थोडं, आणि प्रत्येक चिन्ह ओळखलं की बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं. मराठी कठीण वाटते, कारण तिच्यात खूप काही आहे, आणि त्यातलं बहुतेक मुलाला आधीच येतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

वर्गात काय करायचं?

चार तासिकांचा हा उपक्रम तिसरी ते पाचवीसाठी चालतो. साहित्य म्हणून खडू आणि वही पुरे.

पहिली तासिका, लिपी. प्रत्येक गटाने एक काल्पनिक प्राणी निवडायचा आणि तो कशाने लिहील ते ठरवायचं. खेकडा नांगीने वाळूत लिहील, हत्ती सोंडेने. मग त्याला शोभतील अशी दहा चिन्हं तयार करायची. सोबत मोडीतली चार अक्षरं दाखवा.

दुसरी तासिका, उलगडा. शिक्षकाने 'च'च्या भाषेत पाच वाक्यं फळ्यावर लिहायची, मुलांनी सोडवायची. नंतर मुलांनी शिक्षकाला वाक्यं द्यायची. माझा वेग मुलांपेक्षा कमी पडतो, आणि त्यांना तेच हवं असतं!

तिसरी तासिका, शब्द आणि वाक्य. गटाने वीस नवे शब्द बनवायचे. बाहुबली चित्रपटातली कालकेयांची 'किलिकिली' भाषा मुलांना माहीत असते. मदन कार्की यांनी ती रचताना एक साधी युक्ती वापरली. 'मिन' म्हणजे मी, आणि तेच उलटं करून 'निम' म्हणजे तू. अशा युक्त्या मुलांना भराभर सुचतात. शब्द झाले की एक वाक्य द्या : 'मुलगी झाडावर चढली.' आता गट अडतो. मुलगी, झाड, चढणे यांना शब्द आहेत, पण 'वर' कुठून आणायचं? 'चढली'मधली 'ली' कशी दाखवायची? आणि 'झाड'चं 'झाडा' का झालं? विभक्ती, लिंग, काळ, सामान्यरूप, सगळे प्रश्न मुलांकडून येतात. आपण फक्त नावं सांगायची.

चौथी तासिका, घरची भाषा. याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हा सगळा खटाटोप या तासासाठीच आहे.

आजीला विचारा

गृहपाठ एका ओळीचा. 'मला भूक लागली' हे तुमच्या आजी-आजोबांच्या किंवा गावच्या बोलीत कसं म्हणतात, ते विचारून या.

दहिसर म्हणजे मुंबईचं शेवटचं टोक. चेकनाक्यापलीकडे मीरा रोड. पूर्वेला राष्ट्रीय उद्यान आणि तिथले वारली पाडे, पश्चिमेला खाडी. चाळींत, झोपडपट्टीत आणि नव्या टॉवरांत कोकण, खानदेश, विदर्भ, गुजरात, उत्तर प्रदेश इथून आलेली कुटुंबं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी फळा भरून जातो. मालवणीत 'माका', वऱ्हाडीत 'मले', अहिराणीत 'माले', आगरीत 'मना', गुजरातीत 'मने', हिंदीत 'मुझे'.

मग नियम शोधायचा. मालवणी मूल सांगतं : माका, तुका, आमका, तुमका. आणि घराला? घराक. म्हणजे प्रमाण मराठीत जिथे 'ला' तिथे मालवणीत 'क' किंवा 'का'. चुकून एखादा शब्द वेगळा झालेला नाही, पूर्ण रांग लागते. तिन्ही पायऱ्यांची कसोटी लावा. शब्द आहेत, व्याकरण आहे, लिपी देवनागरी चालते. वारलीलाही स्वतंत्र लिपी नाही, म्हणून ती भाषा म्हणून कमी ठरत नाही.

आता दुखरी बाजू. आपल्याच वर्गांत 'माका' म्हणणाऱ्या मुलाला इतर मुलं हसतात. काही वेळा मोठी माणसंही "गावठी बोलू नकोस, शुद्ध बोल" म्हणतात. मूल गप्प होतं, आणि हळूहळू आजीशीही हिंदी-इंग्रजी मिश्रित बोलू लागतं. तेच मूल 'फुस रो दाह' मात्र छाती फुगवून म्हणतं. एका कंपनीने काही वर्षांपूर्वी बनवलेल्या, एकाही माणसाची मातृभाषा नसलेल्या भाषेचा अभिमान, आणि कित्येक पिढ्यांनी घडवलेल्या, काळ, लिंग, विभक्ती सगळं असलेल्या बोलीची लाज. हे उलटं झालंय.

दोष मुलाचा नाही, आणि गेमचाही नाही. ड्रॅगनच्या भाषेला गेममध्ये शिलालेख आहेत, गाणं आहे, चाहत्यांनी केलेले शब्दसंग्रह आहेत. म्हणजे तिला कुणीतरी मान दिला. आजीच्या बोलीला तो मान वर्गात मिळाला, तर मूल तीही छाती फुगवूनच बोलेल. आमच्या वर्गात चौथ्या तासिकेनंतर एक मोठा तक्ता लावला आहे, 'आमच्या घरचे शब्द'. रोज कुणीतरी एक शब्द आणतं, त्याचा अर्थ सांगतं, आणि सगळे तो एकदा मोठ्याने म्हणतात.

प्रमाण मराठी शिकवायची नाही, असा याचा अर्थ नाही. परीक्षेला, अर्जाला, वर्तमानपत्राला ती लागतेच. पण 'माका' पुसून 'मला' शिकवण्यापेक्षा 'माका'शेजारी 'मला' लिहिलं तर मूल दोन्ही लक्षात ठेवतं, आणि दोघांतला फरक सांगताना व्याकरणही शिकतं.

पालकांसाठी चार सूचना

१. वहीच्या शेवटच्या पानावर अनोळखी लिपी दिसली तर पान फाडू नका. "माझं नाव लिहून दाखव" म्हणा. मूल समजावून सांगताना स्वतःच उजळणी करतं.

२. गेम कोणत्या वयासाठी आहे ते मात्र जरूर तपासा. भाषेची आवड वेगळी, गेम हातात देणं वेगळं.

३. आठवड्यातून एकदा घरात 'च'च्या भाषेत जेवण करा. वाढणाऱ्याची तारांबळ उडते आणि मुलाचं अक्षरज्ञान पक्कं होतं.

४. गावी फोन लावाल तेव्हा फोन मुलाच्या हातात द्या, आणि "नीट बोल" एवढंच म्हणा. 'शुद्ध बोल' म्हणू नका.

तुमच्या वर्गात कोणकोणत्या बोली बोलणारी मुलं आहेत? 'मला भूक लागली' तुमच्याकडे कसं म्हणतात? उपक्रम करून पाहा आणि आम्हाला नक्की कळवा. तक्त्यावर अजून बरीच जागा आहे.